उकाडेबाई

मला उकाडा सोसत नाही. माणसंही फारशी सोसत नाहीत, पण माणसं आली तर निदान दार लावून घेता येतं. उकाड्यात दार लावलं की उकाडा आणखी वाढतो. अशा माझ्या वाट्याला देवानं सहकारी कोण द्यावी, तर उकाड्यावर डोळा ठेवून असलेली बाई. मार्च सरत आला की आम्ही सगळ्या मास्तरणी पदरानं वारा घेत, कपाळाला हात लावून बसायचो, आणि या बाईंच्या चेहऱ्यावर मात्र घरी आंब्याची पेटी आल्यासारखा आनंद. कुणी नुसतं "काय उकडतंय गं बाई" म्हटलं, की या हळहळायच्या, "आणि सगळं फुकट चाललंय हो."

आमची शाळा मुलींची. अंधेरी स्टेशनातून बाहेर पडून वर्सोव्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला. पुढे चार खोल्यांची दगडी इमारत आणि एक हॉल, मधे अंगण, मागे पत्र्याची लांबलचक शेड. ऑफिसात विजेचा दिवा होता, पंखा होता. शेडमध्ये काही नव्हतं. मुली बसायच्या शेडमध्ये आणि पंखा फिरायचा ऑफिसात. हा न्याय शाळा सुरू झाल्यापासूनचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटायचं. पण मला सगळ्यातच वावगं दिसतं असं सगळ्यांचं ठाम मत असल्यामुळे माझं बोलणं कुणी मनावर घेत नसे.

शिक्षकांच्या खोलीत आम्ही एकमेकींना विषयाच्या नावानं हाक मारायचो. "भूगोल, तुमचा डबा सांडतोय." "शिवण, आज तुमचा पाचवा तास मला द्या." मी मराठी. या बाई शास्त्र. मुलींनी मात्र त्यांचं परस्पर बारसं करून टाकलं होतं: उकाडेबाई. ते इतकं रुळलं की एकदा एक पालक ऑफिसात येऊन उकाडेबाई आहेत का म्हणून विचारू लागले. बाई समोरच उभ्या. त्यांना नमस्कार करून ते गृहस्थ म्हणाले, राजापूरकडच्या उकाड्यांपैकी का तुम्ही? बाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, नाही, आम्ही वेंगुर्ल्याकडचे. मला हसू आवरेना म्हणून मी फडताळात तोंड घातलं.

दिसायला बाई अगदी साध्या. उंच, काटकुळ्या, नऊवारीच्या निऱ्या कधी धड बसलेल्या नाहीत. इंटर सायन्सपर्यंत शिकल्या होत्या. पुढे वडील गेले, पाठची भावंडं शाळेत, म्हणून बी.एस्सी. राहून गेलं. हे त्या एकदाच बोलल्या, तेही मी खोदून विचारलं म्हणून. त्याबद्दल कुढताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. आठवीला थोडंफार पदार्थविज्ञान असे, ते त्या शिकवायच्या, आणि असं शिकवायच्या की शेजारच्या वर्गात माझी कविता ऐकणाऱ्या मुलींचे कान भिंतीकडे असायचे. याचा मला राग यायचा. खरं सांगते, फार यायचा.

त्यांच्या सवयींनी मी वैतागले होते. दिसेल त्या वस्तूला हाताची मागची बाजू लावून बघायची. भिंत, बाक, ताकाचा पेला, छत्रीची मूठ, एकदा तर इन्स्पेक्टरसाहेबांची खुर्ची. कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या की थेट स्वयंपाकघरात. एक हात माठाला, दुसरा चुलीमागच्या भिंतीला, आणि डोळे मिटून उभ्या. नवीन घरातली माणसं घाबरायची, बाईच्या अंगात आलं की काय म्हणून. मधल्या सुट्टीत अंगणात बसायच्या तर बरोबर उन्हाच्या कडेला, एक पाय उन्हात, एक सावलीत. मी म्हटलं, अहो, एकीकडे बसा ना. तर म्हणाल्या, एकीकडे बसून काय कळणार?

हे सगळं खूळ कशासाठी, तर उकाड्यातून वीज काढायची. वीज म्हणजे दिव्यात असते ती. पुस्तकात आहे म्हणायच्या. तांब्याची तार आणि लोखंडाची तार एकमेकींना पीळ घालून जोडायच्या, एक जोड तापवायचा, दुसरा गार ठेवायचा, की तारेतून वीज वाहते. ना वाफ लागत, ना धरण, ना चाकं. मी म्हटलं, पुस्तकात पुष्पक विमानही आहे. त्यावर त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "विमान तुमच्या पुस्तकात. माझ्या पुस्तकात आकृती दिलीय."

एवढ्यावर राहिलं असतं तर ते एका बाईचं वेड म्हणून आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण एका वर्षी शाळेच्या कमिटीपुढे प्रश्न आला. आमची शाळा वाढत होती, नववीपासून एस.एस.सी.पर्यंतचे विषय ठरवायचे होते. बाईंचं म्हणणं, पदार्थविज्ञान ठेवा. सेक्रेटरींचं म्हणणं, गृहशास्त्र ठेवा. एस.एस.सी.ला पदार्थविज्ञान नाही म्हणजे पुढे सायन्स कॉलेजचं दार बंद. म्हणजे आमच्यातली एकही मुलगी डॉक्टर व्हायची नाही, काही व्हायची नाही. हे सेक्रेटरींना कळत नव्हतं असं नाही. माणूस वाईट नव्हता. शाळेसाठी त्यानं पायाच्या वहाणा झिजवल्या होत्या. पण त्याच्या मते मुलींना उपयोगाचं शिकवावं, आणि उपयोगाचं काय ते त्याला ठाऊक होतं.

सभा ऑफिसात होती, शिक्षकांनाही बोलावलं होतं. सेक्रेटरी म्हणाले की शेडमध्ये वीजच नाही, तिथं विजेचे प्रयोग दाखवणार कसे? बाई उठून उभ्या राहिल्या.

"वीज नाही म्हणून विजेचा धडा नाही, असंच ना?"

"तसंच."

"आणि शेडमध्ये वीज असली तर?"

"तर बघू," सेक्रेटरी म्हणाले. त्यांना वाटलं बाई विजेच्या कंपनीकडे अर्ज करणार.

"मग मी करते," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी वर बोट दाखवलं. सगळ्यांनी वर पाहिलं. वर नुसता पंखा होता. बाईंना अंगणापलीकडचा पत्रा दाखवायचा होता, हे मला एकटीला कळलं, आणि मी मनात म्हटलं, झालं, आता ही बाई शाळेची शोभा करणार.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त मामलेदार. म्हातारे, पण कान-डोळे शाबूत. त्यांना गंमत वाटली असावी. ते म्हणाले, परीक्षा संपल्या की एप्रिलात वार्षिक बैठक आहे, तोपर्यंत निर्णय थांबवू. बाईंनी त्या विजेनं उपयोगाचं एक काम करून दाखवावं. दाखवलं तर पदार्थविज्ञान, नाही तर गृहशास्त्र.

त्या दिवसापासून बाईंनी जी कंबर कसली ती कसली. तांब्याचे आणि लोखंडाचे तारांचे तुकडे आळीपाळीनं जोडत, वर-खाली, वर-खाली अशी लांब पट्टी त्यांनी विणायला घेतली. मधल्या सुट्टीत मुली पीळ घालायला बसत. मुली त्याला बाईंची वेणी म्हणत. बोटांना चरे पडले, पण कुणी उठलं नाही. सगळे वरचे पीळ एका ओळीत, सगळे खालचे पीळ एका ओळीत. एका पिळातून निघणारी वीज इवलीशी. पण सगळ्यांची बेरीज होते, असं बाईंनी मुलींना समजावलं. शेवटी वीज आली का हे बघायला एक होकायंत्र, त्याभोवती तारेचे वेढे. वीज आली की सुई हलणार.

पहिल्यांदा त्यांनी काय केलं, तर वरचे पीळ पत्र्यावर आणि खालचे पत्र्याखाली. वर ऊन, खाली सावली. ऊन गरम, सावली गार, असा त्यांचा सरळ हिशेब. भर बारा वाजता शिडी लावून स्वतः वर चढल्या, निऱ्या खोचून. खाली उतरून होकायंत्राकडे बघत बसल्या. सुई ढिम्म. अर्धा तास बसल्या, सुई ढिम्मच. मी शेवटी त्यांना ओढून आणायला शेडमध्ये गेले, तर आत पाय ठेवताच जीव नकोसा झाला.

मी वैतागून म्हटलं, "उठा हो. सुईची काय चूक? वर भाजतंय, खाली उकडतंय."

"खाली सावली आहे. सावली गार असते."

"गार? कशापेक्षा?"

माझं ते नेहमीचं तिरकस बोलणं. मी तर व्याकरण शिकवणारी, तुलना अर्धवट सोडलेली मला खपत नाही. पण बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की मला वाटलं ऊन लागलं. उठून त्यांनी शेडच्या आतल्या बाजूनं पत्र्याला हाताची मागची बाजू लावली, चटका बसला तशी हात काढला, आणि हसायलाच लागल्या. आमच्या शेडमधली सावलीसुद्धा उन्हाइतकीच तापलेली होती. दोन्हीकडे सारखंच, मग वीज जाणार कुठून कुठं?

तेव्हापासून हा माझा शब्द त्यांनी पळवला. चहा गरम आहे म्हटलं, की कशापेक्षा? आज बरं वाटतंय, कशापेक्षा? ती मुलगी हुशार आहे, कशापेक्षा? शिवण शिकवणाऱ्या बाईंनी तर त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला, कारण त्यांनी आपली सून गोरी आहे असं सांगितलं होतं. पण उत्तर बाईंना मिळालं होतं. उष्णता कितीही असो, तिच्याशेजारी गार काही नसेल तर ती नुसतीच बसून राहते. आता गार आणायचं कुठून? बर्फ आणला तर तो विकतचा, मग उकाड्यातली वीज कसली? असं त्या दोन दिवस बडबडत होत्या. तिसऱ्या दिवशी पाणी प्यायला म्हणून गेल्या आणि आमच्या खोलीतला माठच उचलून घेऊन आल्या. माठ पाझरतो, ते पाणी उकाडाच सुकवतो, आणि त्यानंच आतलं पाणी गार होतं. म्हणजे उकाडाच गार करणार आणि उकाडाच तापवणार. आम्ही सगळ्या त्या दिवशी तहानेनं मेलो, पण बाकावर बाक रचून, त्यावर माठ ठेवून, खालचे पीळ पाण्यात सोडले आणि वरचे मधे पातळ कागद ठेवून तापल्या पत्र्याला टेकवले, तेव्हा होकायंत्राची सुई हलली. नखाएवढी, पण हलली. मुली ओरडल्या. मी पण ओरडले, उगीच कशाला खोटं बोलू.

सेक्रेटरींना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं. म्हणाले, हलली, मान्य. पण हिचा उपयोग काय? यावर दिवा लागेल? बाई म्हणाल्या नाही. पंखा? नाही. मग झालं तर, असं म्हणून ते निघून गेले. त्यात खोडा घालायचा हेतू नव्हता, हेच जास्त वाईट. दिवा लागायचा तर पत्र्यावर पत्रे आणि वेण्यांवर वेण्या लागल्या असत्या, ते बाईंनी आधीच मोजून पाहिलं होतं.

त्या आठवड्यात मात्र मी बाईंना पहिल्यांदा गप्प पाहिलं. डबा तसाच परत नेत होत्या. मला कसंतरी व्हायला लागलं. इतकी वर्षं जिची थट्टा केली ती बाई गप्प बसलेली मला बघवेना. एवढ्या थोड्या विजेवर चालेल असं जगात काय आहे, हे त्या शोधत होत्या. आणि एका सोमवारी जुन्या बाजारातून त्या एक मोडका टेलिफोन घेऊन आल्या. त्यातला कानाला लावायचा भाग काढला, वेणीला जोडला, माझ्या कानाला लावला आणि तार तोडली-जोडली. टक. पुन्हा टक. अगदी स्पष्ट. कानात कुणी टिचकी वाजवावी तसं. दिवा पेटवायला खंडीभर वीज लागते, कानाला कणभर पुरते. म्हणजे निरोप पाठवता येईल. शेडमधून अंगण ओलांडून हॉलमध्ये, नुसत्या उकाड्यावर.

"टकटक आहे," त्या मला म्हणाल्या. "आता हिला बोलायला शिकवा, मराठी."

ते काम माझं. तारऑफिसातल्या तारवाल्यांची इंग्रजी कडकट्ट मला येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. मी आपली वर्णमाला घेतली. क-वर्ग पहिली ओळ, च-वर्ग दुसरी, अशा ओळी पाडल्या. आधी ओळीचे टक, मग जरा थांबून ओळीतल्या जागेचे टक. क म्हणजे एक आणि एक. म म्हणजे पाच आणि पाच. काना, मात्रा, अनुस्वार यांना शेवटची वेगळी ओळ. मुलींनी हे चार दिवसांत असं उचललं, की माझ्या तासाला बाकांवर बोटं वाजवून एकमेकींशी गप्पा मारायला लागल्या, आणि मीच शिकवलेल्या लिपीत माझ्याबद्दल काय काय बोलतात ते मला बसल्या जागी ऐकावं लागलं. जोडाक्षराची सोय तेवढी मी केली नव्हती. म्हटलं, कोण कशाला जोडाक्षर पाठवतंय.

बैठकीचा दिवस उजाडला. दुपारी तीनची वेळ बाईंनी मुद्दाम मागून घेतली होती, पत्रा तेव्हा चांगला तापतो. सकाळी शेडमध्ये सगळं मांडून, तपासून आम्ही घरी जेवायला गेलो. अडीचला परत येऊन बघते तो काय, शेडच्या पत्र्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नारळाच्या झावळ्या अंथरलेल्या, आणि शिपाई शिडीवर उभा राहून वरून बादल्या ओततोय. पत्र्यावरून पाणी गळतंय, अंगणात सडा पडलाय, आणि शेडमध्ये छान गारवा. सेक्रेटरी खाली उभे राहून सूचना देत होते. आम्हाला बघून खुशीत म्हणाले, "म्हटलं कमिटीची मंडळी शेडमध्ये येणार, उकडायला नको. तुमचं काम चांगलं व्हावं म्हणून तुम्ही गेल्यापासून खटपट केली."

त्या माणसाला कशानं मारावं हे मला कळेना. कपट असतं तर भांडले असते. पण त्याच्या घरी पाहुणे आले असते तरी त्यानं हेच केलं असतं. आपल्याकडे पाहुण्याला उकाड्यातून वाचवणं ही रीतच. पत्र्याची उष्णता आमची ठेव होती, ती त्यानं बादल्यांनी धुऊन टाकली. आत होकायंत्राची सुई पुन्हा ढिम्म. वर ओला पत्रा, खाली गार माठ. आणि हॉलमध्ये अध्यक्ष येऊन बसल्याचं सांगायला मुलगी धावत आली. मला रडू फुटलं. रागाचं रडू होतं, पण रडूच ते.

बाईंनी पत्र्याला हात लावला. माठाला लावला. मग अगदी सावकाश एका मुलीच्या तळहाताला हाताची मागची बाजू लावली. 

"वेणी खाली घ्या," त्या म्हणाल्या. "पोरींनो, परकराला हात पुसा. कोरडे करा. आता एकेकीनं वरचे पीळ मुठीत धरायचे. घट्ट. सोडायचे नाहीत."

माठाभोवती मुली गोल उभ्या राहिल्या. नववीत जायच्या त्या सगळ्या, वर्सोव्याच्या, मरोळच्या, स्टेशनाजवळच्या. प्रत्येकीच्या मुठीत वेणीचे चार-पाच पीळ, दुसरी टोकं माठाच्या पाण्यात. मी होकायंत्राकडे बघत होते. डोळे पुसून पुन्हा बघितलं. सुई सरकली होती. पत्र्यानं सरकवली होती त्याच्या अर्धीही नाही, पण सरकली होती.

सेक्रेटरी म्हणाले, हे काय, हा तर पत्र्याचा उकाडा नव्हे. बाई म्हणाल्या, "पत्र्यातला तुम्ही विझवलात. हा यांच्या अंगातला आहे. शब्द द्या."

ठरल्याप्रमाणे शब्द बाहेरच्यानं द्यायचा होता, म्हणजे लबाडी नको. सेक्रेटरींनी कागदावर एक शब्द लिहिला आणि बाईंच्या हातात दिला. मी खांद्यावरून वाचला: स्वयंपाक. सेक्रेटरी गालात हसत होते. बाईंनी मान हलवली आणि तार तोडायला-जोडायला बसल्या. पलीकडे हॉलमध्ये अध्यक्षांच्या कानाला टेलिफोनचा तुकडा, ते टक मोजून मोठ्यानं आकडे सांगणार, आणि शेजारी पाटी घेऊन बसलेली मुलगी अक्षरं लिहिणार. इकडे शेडमध्ये चिडीचूप. मुलींची बोटं पांढरी पडली होती इतक्या घट्ट मुठी. एकीच्या कपाळावर माशी बसली, ती तिनं बसू दिली. मी देवाचं नाव घेतलं, आणि मग जोडाक्षर आठवून देवालाच शिव्या दिल्या.

थोड्या वेळानं पाटीवाली मुलगी अंगणातल्या चिखलातून धावत आली. मागून धोतराचा सोगा उचलून अध्यक्ष. पाटीवर लिहिलं होतं: सवयंपाक.

सेक्रेटरींनी पाटी घेतली, स्वतःचा कागद शेजारी धरला. "शुद्धलेखन चुकलंय," ते म्हणाले.

माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, "शुद्धलेखन माझा विषय आहे, ते मी बघीन. वीज चुकलीय का तेवढं सांगा."

त्यांनी पाटी खाली ठेवली. अध्यक्ष माठाभोवतीच्या मुलींकडे बघत होते. अजून कुणीच मुठी सोडल्या नव्हत्या, कारण बाईंनी सोडा म्हटलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "मी मोजले. एकही टक चुकलेला नाही." आणि मग त्या मुलींना, "सोडा आता बाळांनो."

पदार्थविज्ञान मिळालं. जूनपासून नववीला सुरू. ठराव मंजूर झाल्याचं सेक्रेटरींनी स्वतः येऊन सांगितलं, बाईंचं अभिनंदन केलं, आणि ठरावाची दोन कलमंही सांगितली. एक, निदान वर्ग भरेल इतक्या मुलींच्या पालकांची संमती हवी. दुसरं, एस.एस.सी.चा विषय म्हणून शिकवायला बी.एस्सी. झालेले शिक्षक नेमायचे. बाईंनी आपली आठवी नेहमीसारखी सांभाळावी.

मी जागच्या जागी राजीनामा लिहायला घेतला. तोंडानं जे बोलत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाईंनी माझ्या हातातली दौत उचलून पलीकडे ठेवली. चेहरा उतरला होता त्यांचा, नाही असं नाही. खिडकीशी जाऊन त्यांनी बाहेरचं ऊन पाहिलं. मग वळून म्हणाल्या की राजीनामा तुम्ही द्या, मी देणार नाही, आणि मुलींच्या घरी जायचंय तर संध्याकाळी उन्हं उतरल्यावर निघायचं की आत्ताच?

मेच्या सुट्टीत सगळं जग आंबे खात होतं आणि आम्ही दोघी दारोदार फिरत होतो. मरोळला गेलो, जुहूला गेलो. कुठे सरबत मिळालं, कुठे दार उघडलंच नाही. एकीच्या काकांनी मला सांगितलं की मुलगी शिकली की उलट उत्तरं देते, आणि मी त्यांना उलट उत्तर दिलं. बाई मात्र सगळीकडे तेच, शांतपणे. पदार्थविज्ञान घेतलं तर पुढे काय काय दारं उघडतात ते सांगायच्या. स्वतःबद्दल अक्षर नाही. आणि प्रत्येक घरातून बाहेर पडलं की मला आणखी राग यायचा. दुसऱ्याच्या वर्गासाठी या का वणवण करताहेत?

शेवटी वर्सोव्याला गेलो. वाळत घातलेल्या मासळीतून वाट काढत, नाकाला पदर लावून मी, आणि बाई पुढे. ज्या मुलीच्या कपाळावर माशी बसली होती, तिचं घर. तिचा बाप जाळं सांधत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हातातलं काम न थांबवता.

"तूच शिकवनार ना बाय?" त्यानं विचारलं. "मंग धाडतो पोरीला. तुझा लई सांगते घरी."

 हो म्हणायला काय जात होतं? जूनमध्ये कळलं असतं तेव्हा कळलं असतं. पोरगी दाराआडून बघत होती.

"नाही," बाई म्हणाल्या. "बी.एस्सी. झालेले मास्तर येणार आहेत. मी शिकवणार नाही."

त्याचा हात थांबला. त्यानं पहिल्यांदा नीट वर पाहिलं. बाईंचं उन्हानं रापलेलं तोंड, धुळीनं भरलेले पाय.

"मंग तू कशाला फिरतेस उनातानाची?"

"वर्ग रिकामा राहिला तर ते म्हणतील, मुलींनाच नको होतं," बाई म्हणाल्या.

त्यानं जाळं बाजूला ठेवलं.  मग दाराकडे वळून त्यानं पोरीला हाक मारली आणि म्हणाला, बाईंना पाणी दे, आणि शेजारच्या पोरीच्या बापाला बोलाव, त्याला पन मी सांगतो.

मी तिथंच ओट्यावर बसले.  बाईंनी पाणी पिऊन भांडं पोरीच्या हातात दिलं आणि तिला विचारलं, "जूनला वह्या आहेत ना गो?"